दोघंबी तीनावरच बोलत्यात

१९९९ सालचा मे महिना. सांगलीत उन्हानं जीव नकोसा केलेला, आणि माझ्या टेबलावर कुणाकडून तरी स्वस्तात मिळालेला जुना मॉडेम, म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनच्या लाइनीवरून बोलायला लावणारा डबा. सोबत केबल नव्हती. म्हटलं, दोन कनेक्टर आणि हातभर वायर, त्यात काय एवढं! कॉम्प्युटरच्या बाजूला ९ पिनांचा कनेक्टर, मॉडेमच्या बाजूला २५ पिनांचा. ९ पिनांतली पाचवी आणि २५ पिनांतली सातवी या दोन्ही ग्राउंडच्या, एवढं वाचलेलं होतं. बाकी २ला २, ३ला ३ सोल्डर केलं आणि टाइप केलेलं वायरीवरून मॉडेमकडे पाठवणारा हायपरटर्मिनल हा प्रोग्राम उघडून एटी (AT) ही मॉडेमला हाक मारायची आज्ञा टाइप केली. मॉडेमनं उलट ओके म्हणायला हवं होतं. त्याचा लाल दिवा नुसता बघत बसला.

दोन दिवस मी मॉडेमलाच शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी गावभागात रेडिओ दुरुस्त करणारे अण्णा दुकान बंद करून घरी आले. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता, पण व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर खिशातच असायचा. केबल मॉडेमपासून सोडवून काळी सुई सातव्या पिनेवर, तांबडी दुसऱ्या पिनेवर: जवळपास शून्य. तिसरीवर: उणे १० व्होल्टच्या आसपास. मग तीच सुई मॉडेमच्या मोकळ्या सॉकेटात, तिसऱ्या पिनेवर. तिथंही उणे १०.

"आरं, दोघंबी तीनावरच बोलत्यात. ऐकणार कोण?"

सगळा घोटाळा त्या एका वाक्यात आला होता. सिरियल, म्हणजे एका वायरवरून एकामागून एक ० आणि १ पाठवायच्या जोडणीचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशननं १९६० साली काढलं. त्यात २५ पिनांच्या कनेक्टरवर पाठवायची पिन दुसरी आणि घ्यायची तिसरी, असं रुळलं. पण 'पाठवायची' म्हणजे कुणी? कॉम्प्युटरनं. पिनांची नावं सगळी कॉम्प्युटरच्या बाजूनं ठेवलेली आहेत. मॉडेमवर 'पाठवायची' असं लिहिलेल्या पिनेवर मॉडेम बिचारा ऐकत असतो. त्यामुळे दोन्हीकडे २५ पिना असतील तर वायर सरळ जाते, २ला २, ३ला ३. पुढं १९८४ साली आयबीएमनं आपल्या पीसी-एटी या कॉम्प्युटरला ९ पिनांचा छोटा कनेक्टर दिला आणि त्यात हे दोन नंबर नेमके उलटे केले. २ घ्यायची, ३ पाठवायची. म्हणजे ९ ते २५ची 'सरळ' केबल करायची तर ३ला २ आणि २ला ३ जोडावी लागते. मी नंबर जुळवत बसलो, कामं जुळवली नाहीत.

एक बरं झालं, काही जळलं नाही. दोन बोलणाऱ्या पिना एकमेकींना भिडल्या तरी तग धरता यावा, अशी अट या मानकातच घातलेली आहे.

ते उणे १० व्होल्टही गमतीचं आहे. लाइन गप्प असते तेव्हाही वायरवर उणे व्होल्टेज राहतं. उणे ३ ते उणे १५ म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०, आणि मधला पट्टा कुणाचाच नाही. म्हणून वायर तुटली की मीटर लगेच सांगतो: गप्प लाइनवर उणे १०, तुटलेल्या लाइनवर शून्य.

आता एटीमधला ए वायरवरून कसा जातो ते बघू. कॉम्प्युटरच्या लेखी त्याचा आकडा ६५, नुसत्या ० आणि १च्या भाषेत ०१०००००१. पाठवताना शेवटचा अंक आधी जातो. पुढं 'आता सुरू' सांगणारा एक ०, मागं 'संपलं' सांगणारा एक १. असे दहा तुकडे, म्हणजे बिट. वायरवर ते अधिक, उणे, मग पाच वेळा अधिक, पुन्हा उणे, अधिक, उणे असे दिसतात. सेकंदाला ९६०० तुकड्यांच्या वेगाला प्रत्येक तुकडा १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. दोन्हीकडच्या घड्याळांना जोडणारी वेगळी वायर नाही. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीच्या ०वर ऐकणारा आपलं घड्याळ नव्यानं लावतो आणि दहा तुकडे मोजेपर्यंत ते फार घसरलं नाही म्हणजे झालं. ए अक्षराची सोय अशी की सुरुवातीच्या ०नंतर लगेच १ येतो. तो ० एकटा उभा राहतो, त्याची रुंदी मोजली की समोरचा कोणत्या वेगानं बोलतोय हे मॉडेमला कळतं. एटीच्या या आज्ञा १९८१ सालच्या हेझ स्मार्टमॉडेमपासून सुरू झाल्या.

केबलीचं काम इथं संपतं, मॉडेमचं सुरू होतं. टेलिफोनच्या लाइनीतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज धड जातो. त्यातून व्होल्टचे असले धक्के पाठवता येत नाहीत, म्हणून मॉडेम त्यांचे स्वर करतो. सेकंदाला ३०० बिटांच्या व्ही.२१ या जुन्या पद्धतीत फोन लावणारा मॉडेम १साठी ९८० आणि ०साठी ११८० हर्ट्झ वाजवतो. उचलणारा १६५० आणि १८५०. एकाच तारेवर दोघं एकदम बोलतात आणि वेगवेगळ्या पट्टीत असल्यामुळे आवाज मिसळत नाहीत. मिरज इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला हा हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही: ९८०ला षड्ज धरला तर ११८० कोमल गंधाराजवळ, १६५० शुद्ध धैवताजवळ, १८५० शुद्ध निषादाजवळ पडतो. पटदीप रागात चारही बसतात! अर्थात हा योगायोग. मिरजेतल्या तंबोरा लावणाऱ्या कारागिरासमोर मी हे बोलणार नाही.

त्या रात्री अण्णांनी उजेड धरला आणि मी दोन वायरी अदलाबदल केल्या. एटी, एंटर. ओके.

त्या ओकेला मरण नाही. तासगावच्या द्राक्षबागांत किंवा उसाच्या शेतात विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर असतो. लाइट रात्री दोनला आली तरी शेतकरी अंथरुणातूनच फोन लावतो आणि मोटर सुरू करतो. अशा खोक्यांतली चिप सिमकार्डाच्या मॉड्यूलशी सहसा सिरियलच बोलते आणि एटी म्हणूनच हाक मारते. तिथं उणे व्होल्टेज नाही, शून्य आणि तीनेक व्होल्टवर भागतं. पण मला पाडणारी गोष्ट तिथंही टपून आहे. या चिपांवर पिनेचं नाव बहुतेक वेळा ज्याचं त्याच्या बाजूनं लिहितात. म्हणून इथं टीएक्सला (पाठवायची पिन) आरएक्स (घ्यायची पिन) जोडायचं, आणि नाव बघून टीएक्सला टीएक्स जोडलं की मॉड्यूलचा दिवा नुसता बघत बसतो.