तिरळेपणाची शस्त्रक्रिया: आजच्या शंकांचा जुना इतिहास

तिरळ्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी की नको, या विचारात असलेल्या माणसाचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. डोळा उलट्या बाजूला तर जाणार नाही ना? पुन्हा तिरळा झाला तर? आणि आता या वयात करून उपयोग काय? यातला एकही प्रश्न खुळा नाही. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात या प्रत्येक भीतीला कधी ना कधी सबळ कारण होतं.

शस्त्रक्रिया नव्हती तेव्हा मुखवटे होते. सातव्या शतकातला ग्रीक वैद्य एजिनाचा पॉल याने डोळ्यांसमोर भोकं असलेला मुखवटा सुचवला होता. भोकातून बघायचं म्हणजे डोळ्याला सरळ राहावंच लागेल, असा हिशेब. १७४३ मध्ये फ्रान्सच्या ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने चांगला डोळा झाकून तिरळ्याला कामाला लावायचा उपाय मांडला. आळशी डोळ्यासाठी, म्हणजे मेंदू ज्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि त्यामुळे ज्याची नजर अधू राहते त्या डोळ्यासाठी, ही पट्टी आजही वापरतात.

त्याच शतकात जॉन टेलर नावाचा फिरता इंग्रज नेत्रवैद्य तिरळेपणा ‘कापून’ बरा करत असे. तिरळ्या डोळ्याला किरकोळ छेद द्यायचा आणि पट्टी मात्र चांगल्या डोळ्यावर बांधायची. चांगला डोळा झाकला की तिरळा डोळा बघण्यासाठी आपसूक सरळ होतो, ही यातली मेख. लोक थक्क व्हायचे आणि पट्टी सुटायच्या आत टेलर पुढच्या गावी पोचलेला असायचा. संगीतकार बाखच्या डोळ्यांवर १७५० मध्ये शस्त्रक्रिया केली ती यानेच. बाखची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी तोही गेला.

खरी सुरुवात जर्मनीत झाली. वाकड्या पावलाचा स्नायुबंध कापून पाऊल सरळ करणाऱ्या श्ट्रोमायरने १८३८ मध्ये हीच युक्ती मृतदेहाच्या डोळ्यावर करून पाहिली. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १८३९ ला, बर्लिनमध्ये डीफेनबाख या शल्यवैद्याने सात वर्षांच्या मुलावर ती केली. मुलाचा डोळा नाकाकडे वळलेला होता. डीफेनबाखने नाकाकडचा स्नायू सरळ कापून टाकला. ईथरची भूल यायला अजून सात वर्षं होती, म्हणजे मूल पूर्ण जागं होतं. बातमी पसरली, लाटच आली, आणि तीन वर्षांत एकट्या डीफेनबाखच्या शस्त्रक्रिया हजाराच्या वर गेल्या.

मग तक्रारी आल्या. कापलेला स्नायू मागे सरकून कुठेही चिकटायचा, कधी चिकटायचाच नाही. नाकाकडे असलेला डोळा काही काळाने कानाकडे निघायचा. ‘उलटा जाईल का’ ही भीती इथली आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफेने स्नायूच्या मांसाऐवजी डोळ्याजवळचा स्नायुबंध कापायला सुरुवात केली, त्याने फरक पडला. पण निर्णायक बदल १९२२ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञ जेमसनने केला: स्नायू सोडवायचा आणि मोजून काही मिलिमीटर मागे बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या आवरणाला टाक्यांनी शिवायचा. विरुद्ध बाजूचा स्नायू आखूड करून ताणायची रीतही रुळली. आज होते ती मुळात हीच शस्त्रक्रिया. (डोळा बाहेर काढून ठेवतात हा समज मात्र निराधार, डोळा खोबणीतच असतो.)

कापण्याला विरोध करणारेही होतेच. फ्रान्सचा नेत्रतज्ज्ञ झाव्हाल याच्या वडिलांना आणि बहिणीला तिरळेपणा होता. या शस्त्रक्रियांना त्याने डोळ्यांच्या स्नायूंची कत्तल म्हटलं आणि स्टिरिओस्कोपवर (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं यंत्र) दोन्ही डोळ्यांचे व्यायाम बसवले. त्याआधी १८६४ मध्ये डच डॉक्टर डोंडर्स यांनी दाखवलं होतं, की दूरदृष्टीचा, म्हणजे प्लसचा, चष्म्याचा नंबर हे मुलांच्या तिरळेपणाचं मोठं कारण आहे. माझ्या मते सगळ्या इतिहासात रुग्णांच्या सर्वाधिक उपयोगी पडलेला शोध हाच. कितीतरी मुलांचे डोळे नुसत्या चष्म्याने सरळ होतात.

वयाचा प्रश्न गुंतागुंतीचा. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर दाखवलं, की दोन्ही डोळ्यांची जोडी मेंदूत लहानपणीच बसते. त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. मुलांवर लवकर उपचार करण्याला त्यातून बळ मिळालं, पण त्याची दुसरी बाजू अशी की मोठ्यांची शस्त्रक्रिया ‘फक्त दिसण्यासाठी’ ठरवून बाजूला पडली. हे अर्धंच खरं. मोठेपणी तिरळेपणा आलेल्यांना दुहेरी दिसतं, ते शस्त्रक्रियेने अनेकदा थांबतं. लहानपणापासूनच्या तिरळ्यांनाही डोळा आत, नाकाकडे वळलेला असेल तर नजरेची कक्षा वाढलेली जाणवते. आळशी डोळ्याची नजर मात्र त्याने वाढत नाही.

जुन्या भीतींवर नवे उपाय १९७०च्या दशकात आले. सॅन फ्रान्सिस्कोत नेत्रतज्ज्ञ जँपोल्स्कीने हलवता येणारे टाके रूढ केले: भूल उतरल्यावर रुग्णाला समोर बघायला सांगायचं, डोळा किती सरळ झाला ते तपासायचं आणि मग गाठ पक्की करायची. त्याच शहरात अॅलन स्कॉटने स्नायू ढिला करायला बोटुलिनम विषाचं इंजेक्शन शोधलं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती डोळ्यांच्या विकारांसाठी. सुरकुत्या घालवायला ते नंतर वापरलं जाऊ लागलं.

शस्त्रक्रियेआधी डोळ्यासमोर प्रिझम (प्रकाश वळवणारी त्रिकोणी काच) लावून तिरळेपणाचा कोन मोजतात आणि सरळ केल्यावर दुहेरी दिसेल का, हेही पडताळतात. पुन्हा तिरळा होण्याची शक्यता आजही शून्य नाही. काहींना दुसरी शस्त्रक्रिया लागते, त्यामुळे ती कधी आणि कोणत्या डोळ्यावर करावी लागू शकेल, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं.