प्रोटीन स्किमर: बुडबुड्याला काय चिकटतं आणि काय नाही

खाऱ्या पाण्याचं छोटं मत्स्यालय ठेवणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की असते: स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं उपकरण) लावला की पाण्यातली घाण निघून जाते. पुरावाही डोळ्यांसमोर असतो. काही दिवसांतच वरच्या कपात गडद तपकिरी, नाक धरायला लावणारं पाणी साचतं. एवढी घाण बाहेर आली म्हणजे आतलं पाणी शुद्ध झालंच असणार! पण कप फक्त बाहेर काय आलं ते दाखवतो, टाकीत काय उरलं ते नाही.

स्किमरमध्ये जाळी नसते, स्पंज नसतो, कोळसाही नसतो. एक उभी नळी, तिच्यात खालून सोडलेले बारीक बुडबुडे आणि वर फेस गोळा करणारा कप, बस्स. गाळण्याचं सगळं काम बुडबुड्याचा पृष्ठभाग करतो. त्यामुळे ज्याला त्या पृष्ठभागावर येऊन बसायचं आहे तेच पकडलं जातं, बाकीचं खुशाल टाकीत फिरत राहतं.

तिथे बसायला कोण येतं? ज्या रेणूचं एक टोक जलस्नेही आणि दुसरं जलद्वेषी असतं, तो. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. जलद्वेषी टोकाला त्यांच्यात जागा मिळत नाही, म्हणून ते हवेकडे तोंड करतं आणि जलस्नेही टोक पाण्यात राहतं. साबण असाच वागतो. प्रथिनांची गंमत त्याहून मोठी आहे. प्रथिनाची साखळी वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनते. त्यांतली काही पाणी टाळणारी. पाण्यात असताना साखळी घडी घालून त्यांना पोटात लपवते. पण बुडबुड्याच्या पृष्ठभागाला टेकली की हीच घडी सैल होते, लपलेले भाग हवेकडे उघडतात आणि रेणू तिथेच पसरून बसतो. एकदा असा पसरलेला रेणू सहसा पाण्यात परतत नाही. शेजारच्या रेणूंशी गुंतून त्याचं पातळ पण चिवट आवरण तयार होतं. स्किमरचा फेस कपात पोहोचेपर्यंत टिकतो तो या आवरणामुळे.

पृष्ठभागावरच्या अशा थरांचं मोजमाप करण्याची सोपी युक्ती भांडी घासताना सुचली होती. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची आग्नेस पोकेल्स घर सांभाळायची. विद्यापीठाचं शिक्षण तिला मिळालं नव्हतं. खरकट्या पाण्यावरचा तवंग पाहून तिने एक पन्हळीसारखं भांडं घेतलं, त्यावर आडवी पट्टी सरकवून तवंग दाबला आणि पृष्ठताण कसा बदलतो ते नोंदवलं. हे सगळं तिने ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्रातून कळवलं आणि त्यांनी ते 1891 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आणलं. या विषयातली माझी सर्वांत आवडती व्यक्ती हीच.

आता थोडं गणित. एक लिटर हवेचा एकच गोल फुगा केला तर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 0.05 चौरस मीटर भरेल. त्याच हवेचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर ते 6 चौरस मीटर होतं, आणि अर्ध्या मिलिमीटरचे केले तर 12. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश चढतो. टाकीतल्या पाण्यात एक मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण 10 सेंटिमीटर वर जातो, अर्ध्या मिलिमीटरचा त्याच्या निम्म्या वेगाने. छोट्या टाकीला बसणाऱ्या स्किमरची नळी 20 सेंटिमीटरची धरली, तर पहिल्याला पाण्यात दोन सेकंद मिळतात आणि दुसऱ्याला चार. प्रथिनांसारखा मोठा, मंद रेणू पृष्ठभागापर्यंत यायला वेळ घेतो, म्हणून ते वाढीव दोन सेकंद मोलाचे. सुई-चाकाचा पंप (ज्याच्या फिरत्या चाकावर पात्यांऐवजी बारीक सुया असतात) किंवा लाकडी एअरस्टोन (हवा बारीक करून सोडणारा सच्छिद्र ठोकळा) ही सगळी खटपट बुडबुडे बारीक करण्यासाठीच चालते.

पण तोच पंप गोड्या पाण्यात लावून पाहा. बुडबुडे वर येता येता एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फेस धरत नाही. खाऱ्या पाण्यात ते आपटतात, पण मिसळत नाहीत. दोन बुडबुडे जवळ आले की त्यांच्यामधला पाण्याचा पापुद्रा निचरून फुटायला हवा. मीठ हा निचरा अडवतं. साध्या मिठाच्या बाबतीत हा परिणाम लिटरमागे साधारण 5-6 ग्रॅमला ठळक होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, म्हणजे भरपूरच. चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. क्रेग, निन्हम आणि पॅश्ली या संशोधकांनी 1993 मध्ये दाखवलं की हा गुण सगळ्या विद्राव्यांत नाही. सोडियम क्लोराइड बुडबुड्यांचं मिसळणं थांबवतं, हायड्रोक्लोरिक आम्ल थांबवत नाही, खरं तर क्लोराइड दोन्हींत आहे. धन आणि ऋण आयनांची जोडी कोणती, यावर सगळं ठरतं. यामागचं नेमकं कारण अजून वादात आहे. एवढ्या साध्या प्रयोगाचं उत्तर हाताशी नसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फेस मोडतो कसा, हेही याच पापुद्र्यात दडलं आहे. पापुद्रा एखाद्या जागी ताणून पातळ झाला की तिथले चिकटलेले रेणू विरळ होतात, पृष्ठताण वाढतो आणि आजूबाजूचा पृष्ठभाग तिकडे खेचला जातो. सोबत पाणीही जातं आणि भेग पडायची टळते. याला मारांगोनी परिणाम म्हणतात. तेलाचा सूक्ष्म थेंब पृष्ठभागावर पसरला तर उलट घडतं: तो पसरताना पाण्याला आपल्यापासून दूर ओढतो आणि पापुद्रा त्याच जागी फुटतो. म्हणूनच तेलकट खाद्य टाकल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावर फेस एकदम बसतो आणि काही तासांनी आपोआप परततो. स्किमर बिघडला म्हणून लगेच हवेचा व्हॉल्व्ह पिळत बसू नये.

आता न पकडल्या जाणाऱ्या गोष्टी. अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट पाण्यात मजेत विरघळतात. त्यांना पृष्ठभागाचं आकर्षण नाही, म्हणून स्किमर ते थेट काढत नाही. त्याचा फायदा आडवाटेने होतो: प्रथिनं कुजण्याआधीच बाहेर गेली तर पुढचं नायट्रेट तयारच होत नाही. प्रथिनात वजनाने सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. एक ग्रॅम प्रथिनातल्या सगळ्या नायट्रोजनचं नायट्रेट झालं तर ते सुमारे 0.7 ग्रॅम भरतं, म्हणजे 50 लिटरच्या टाकीत लिटरमागे 14 मिलिग्रॅम. हे काही थोडं नाही. पण सगळी प्रथिनं थोडीच हाती लागतात! पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 35 टक्केच निघत होता. कपातल्या गाळाच्या विश्लेषणात तर सेंद्रिय भाग थोडाच निघाला. बराचसा घन भाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट आणि सिलिका यांचा होता. तेव्हा खोक्यावरच्या ‘पाणी आरशासारखं’ छाप जाहिरातींकडे बघून हसावं. ‘अमुक लिटरपर्यंत योग्य’ या आकड्यामागेही कुठलं सर्वमान्य मोजमाप नाही, तो ज्याचा त्याने छापलेला असतो.

छोट्या टाकीत आणखी एक गोष्ट मोजायला हवी. कपात जातं ते खारं पाणी, आणि त्याची भरपाई आपण गोड्या पाण्याने करतो. पातळ फेस काढायची सवय असेल आणि रोज 200 मिलिलिटर जात असेल, तर 7 ग्रॅम क्षार गेले. 50 लिटरच्या टाकीत दहा दिवसांत खारटपणा 35 वरून 33.6 वर येतो. मोठ्या टाकीत हे लक्षातही येत नाही, इथे प्रवाळांना जाणवू शकतं.

माझं मत विचाराल तर 50-60 लिटरपर्यंतच्या, मोजके मासे असलेल्या टाकीत आठवड्याला 10-20 टक्के पाणी बदलणं आधी, स्किमर नंतर. पाणीबदलात नायट्रेटही जातं आणि प्रवाळांनी वापरलेलं कॅल्शियम परत येतं. स्किमरला यातलं काही जमत नाही. मासे जास्त असतील, खाद्य भरपूर पडत असेल, तर मात्र तो जरूर लावावा.

आणि लावलाच, तर त्याचं एक काम मला कपापेक्षा महत्त्वाचं वाटतं: हवा. 25 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 6.7 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यात 8 च्या वर. रात्री शैवालही ऑक्सिजन खातं, तेव्हा बुडबुड्यांचा हा मोठा पृष्ठभाग कामी येतो. साचलेला कार्बन डायऑक्साइडही त्याच वाटेने बाहेर जातो आणि पीएच सावरतो. फक्त खोली बंद असेल आणि तिथल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड साचला असेल, तर स्किमर तोच पाण्यात ढकलतो आणि पीएच उलट घसरतो. अशा वेळी महागड्या रसायनांच्या बाटल्या आणण्याआधी हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर काढून बघावी.