जॉबर, बदली कार्ड आणि सात जणांचे गट: नेतृत्वशैलींमागचा गिरणीतला इतिहास

नेतृत्वाच्या प्रशिक्षणात हुकमी, लोकशाहीवादी आणि मोकळीक देणारी अशा तीन शैली हमखास शिकवल्या जातात. ही विभागणी आली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचे त्यावरचे प्रयोग 1939 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगात होती दहा-अकरा वर्षांची मुले, पाच-पाच जणांची मंडळे आणि मुखवटे बनवण्यासारखी हस्तकला. हुकमी पुढारी खोलीबाहेर गेला की काम थंडावते, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. पण तिथे ना पगार होता, ना नोकरी जाण्याची भीती. कामावरची माणसे वरच्याचे का ऐकतात, हे समजून घ्यायचे तर मुंबईच्या गिरण्या अधिक उपयोगी पडतात.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसे मुंबईत येऊ लागली. मॅनेजर आणि खातेप्रमुख बहुधा युरोपीय किंवा पारशी. त्यांना कामगारांची ना भाषा नीट येत होती, ना नावगाव ठाऊक. ही फट भरून काढली जॉबरने, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरच्या मुकादमाने. बायकांच्या रीळ आणि वाइंडिंग खात्यात तेच काम नाईकीण करायची.

जॉबरच्या हातात नेमके काय होते, ते एकेक करून पाहावे लागते. सकाळी गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या माणसांतून त्या दिवशी आत कोणाला घ्यायचे, हे तो ठरवी. खाडे भरपूर होत, त्यामुळे ही निवड रोजचीच. कोणाला कोणता साचा, म्हणजे कापड विणायचा माग, द्यायचा, तेही त्याच्याच हाती. नव्या माणसाला काम शिकवणारा तोच आणि बिघडलेला साचा दुरुस्त करणाराही तोच. यातली शेवटची बाब बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. विणकराची मजुरी उक्ती, म्हणजे जितके कापड तितके पैसे. साचा बंद पडला आणि जॉबरने यायला उशीर केला, की त्याला न रागावता, न दंड करता विणकराची कमाई बुडे. नोकरीसाठी आणि ती टिकवण्यासाठी जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाचेसारखे पैसे, द्यावे लागत ते याच जोरावर. शिवाय गावची ओळख, राहायला जागा, उधारी अशा गोष्टींतही त्याचा हात असे.

तरीही त्याला निव्वळ हुकूमशहा म्हणणे चूक ठरेल. खात्यात पुरेशी माणसे हजर ठेवता आली नाहीत, तर मॅनेजर त्याला ठेवणार नाही. आणि माणसे टिकायची तर वस्तीत त्याचा शब्द राहिला पाहिजे. म्हणून संपात काही जॉबर मालकाकडून उभे राहिले, तर काही कामगारांच्या पुढे चालले. 1928 चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला, गिरणी कामगार युनियन बळावली आणि जॉबरच्या भरवशावर शिस्त राहत नाही, हे मालकांना कळून चुकले.

1929 मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने (व्हिटली आयोग) 1931 च्या अहवालात शिफारस केली, की भरती आणि बडतर्फीचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत आणि लेबर ऑफिसर नेमावेत. 1934 च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. पाठोपाठ 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला माणूस) नियंत्रण योजना आणली. रीत सोपी होती. दर महिन्याच्या 1 तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजेरी लावायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. दारातली निवड यामुळे बरीच आवळली गेली. मात्र कार्ड कोणाला द्यायचे, हे विचारायला खातेप्रमुख पुन्हा जॉबरकडेच वळला, तर योजना कागदावर राही. साचावाटप आणि दुरुस्ती तर त्याच्याकडेच होती. एक अधिकार काढला आणि बाकीचे तसेच ठेवले, की वागण्याची जुनी तऱ्हा सहज सुटत नाही. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला, पण त्याच्या हाती ना साचा, ना उत्पादन.

कामाची रचनाच बदलून पाहण्याचा प्रयोग झाला तो अहमदाबादेत. गौतम साराभाई यांच्या कॅलिको मिलमध्ये 1953 मध्ये कामाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस आले. तिथे स्वयंचलित साचे बसवूनही उत्पादन वाढत नव्हते. 224 साच्यांवर 29 माणसे होती आणि त्यांची कामे बारा प्रकारची: कोणी विणकर, कोणी कांड्या भरणारा, कोणी तुटलेले धागे सांधणारा, कोणी तेल घालणारा. प्रत्येकाकडे साच्यांची संख्या वेगळी. त्यामुळे एका विणकराला आज एक मदतनीस, उद्या दुसरा; कामाची खोटी झाली तर जबाबदार कोण, हे कळायला मार्ग नाही. मग देखरेख करणारा एकेकावर ओरडत फिरणार, हे ओघाने आलेच.

राइस यांनी साच्यांच्या एकेका समूहाची जबाबदारी सात-सात जणांच्या गटाकडे देण्याची कल्पना मांडली आणि कामगारांनी आपापले गट स्वतःच ठरवले. सुरुवातीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले, कापडातली खराबी घटली. देखरेख करणाऱ्याचे काम बदलले: माणसांमागे लागण्याऐवजी सूत, सुटे भाग आणि दुरुस्ती वेळेवर पुरवणे. 1970 मध्ये टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा ही पद्धत एका ठिकाणी टिकून होती, इतरत्र जुन्या वळणावर गेली होती.

जॉबरचे सगळे अधिकार आजही एका हातात पाहायचे असतील तर महाराष्ट्रातल्या ऊसतोडीकडे पाहावे. साखर कारखाना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो मुकादमाला. तो ती कोयत्याकोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला वाटतो. टोळी जमवणे, फडावर हजर ठेवणे आणि हिशेब करणे त्याच्याकडे. जोडी मध्येच निघून गेली, तर दिलेल्या उचलीचा बोजा त्याच्यावर येतो आणि तो आवाज चढवतो त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.