चार ट्रॅकचं टेप, छोटा मिक्सर आणि लेव्हलचा घोळ

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, कानबाई देवीच्या रोटांच्या रात्रीची गाणी, नवापूर-अक्कलकुव्याकडची पावरी, म्हणजे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य. हे सगळं पुन्हा टेपवर घ्यावं असं वाटणारी माणसं खान्देशात आहेत. माळ्यावरचे डेक, म्हणजे रेकॉर्ड करणारे टेप, खाली येतात, पट्टे बदलले जातात, हेड स्पिरिटने पुसले जातात. मग पहिला प्रश्न येतो तो मिक्सरचा.

आपल्याकडे ‘मिक्सर’ म्हटलं की मंडपवाल्याची पेटी डोळ्यांपुढे येते. पुढे माइकच्या जागा, आत अ‍ॅम्प्लिफायर, मागे कर्ण्यांसाठी 70 आणि 100 व्होल्टचे स्क्रू. पेटी सभेसाठी उत्तम, पण त्या स्क्रूंना डेकची वायर जोडली तर डेकचं इनपुट जळतं. रेकॉर्डिंगचा मिक्सर निराळा. तो कर्णा वाजवत नाही, फक्त आवाज मोजून-मापून पुढे देतो.

चुंबकीय टेप 1930च्या दशकात जर्मनीत तयार झालं, कॅसेट 1963 साली युरोपात आली. घरी बसून आधीच्या आवाजावर नवा आवाज, असे थरावर थर चढवण्याची सोय मात्र 1979 साली सामान्य माणसाच्या हाती लागली. एका जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या चार वेगळ्या पट्ट्या, घेणारं मशीन काढलं आणि मिक्सर त्याच डब्यात बसवला. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरायचे आणि वेग दुप्पट, सेकंदाला सुमारे 9.5 सेंटिमीटर. त्यामुळे 60 मिनिटांची कॅसेट 15 मिनिटांतच संपायची. त्या काळात खान्देशात कॅसेटचं युग भरात यायला लागलं होतं. एसटी स्टँडवर आणि यात्रांतल्या दुकानांत अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी विकल्या जायच्या. गावात रेकॉर्डिंग म्हणजे बहुधा एक डेक, एक माइक आणि मध्ये बसलेली मंडळी. मिक्सरची गरज भासली ती डफ गाण्याला झाकायला लागल्यावर.

खरा घोळ आहे ‘लाइन लेव्हल’ या शब्दाचा, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आवाज किती व्होल्टने जातो याचा. मिक्सर आणि डेक दोघांच्याही पाठीवर ‘लाइन’ लिहिलेलं असतं, पण दोघांची लाइन एक नाही. जुन्या टेलिफोन-रेडिओच्या जगात 600 ओहमवर 1 मिलिवॉट हे माप धरलं, त्याचे होतात 0.775 व्होल्ट. 1939च्या सुमारास अमेरिकेत आवाजाची लेव्हल दाखवणारं काट्याचं व्हीयू मीटर ठरलं. त्या मीटरने लाइनवर भार टाकू नये म्हणून त्याच्या आधी 3,600 ओहमचा रेझिस्टर बसवला. त्यामुळे काटा शून्यावर यायला 4 डेसिबल (लेव्हल मोजायचं एकक) जास्त लागायला लागले. स्टुडिओची ‘+4’ लेव्हल आली ती इथून, म्हणजे 1.228 व्होल्ट.

घरगुती मशीन बनवणाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. ट्रान्सफॉर्मर नको, बाहेरची गुणगुण रोखणारी तीन तारांची बॅलन्स्ड जोडणी नको, घरच्या स्टिरिओसारखीच साधी आरसीए पिन आणि लेव्हल ‘-10’, म्हणजे 0.316 व्होल्ट. यावर आजही वाद होतो. कोणी याला काटकसर म्हणतं, कोणी अडाणीपणा. मला तो निर्णय रास्त वाटतो. तो झाला नसता तर चार ट्रॅकचं मशीन साध्या घरात पोचलंच नसतं.

आता +4 आणि -10 यांच्यात फरक किती? बहुतेक जण वजाबाकी करून 14 सांगतात. ते चूक आहे. पहिलं माप 0.775 व्होल्टपासून मोजतात, दुसरं 1 व्होल्टपासून. खरा फरक 11.8 डेसिबल, म्हणजे व्होल्टेज जवळजवळ चौपट. स्टुडिओच्या लेव्हलचा मिक्सर घरच्या डेकला जोडला की मिक्सरचा काटा शून्यावर आणि डेकचा उजव्या टोकाला जाऊन बसतो. मग डेकचा नॉब नऊ वाजण्याच्या जागेच्याही खाली आणावा लागतो, आणि तिथे तो जरा हलला तरी स्टिरिओची डावी किंवा उजवी बाजू गायब होते. उलट दिशेने, डेकचा आवाज मिक्सरला कमी पडतो, गेन (आत येणारा आवाज वाढवायचा नॉब) वाढवावा लागतो आणि गाण्यामागची सळसळही वर येते. म्हणून मागे +4/-10चं बटण असलेला, नाहीतर आरसीएच्या ‘टेप इन’, ‘टेप आउट’ जागा असलेला मिक्सर घरासाठी सोयीचा. 1990च्या दशकातल्या पुष्कळ छोट्या मिक्सरवर या आरसीएच्या जागा असायच्या. नव्या काही मिक्सरवर त्यांच्या जागी यूएसबी आलं आहे.

चॅनेल आणि ट्रॅक यांचीही गल्लत होते, पण ती लवकर सुटते. चॅनेल म्हणजे आत येणारा आवाज, ट्रॅक म्हणजे टेपवरची पट्टी. ‘बारा चॅनेल’ लिहिलेल्या पुष्कळ छोट्या मिक्सरवर माइकच्या जागा चारच असतात आणि बाहेर जायच्या मुख्य वाटा दोनच. चार ट्रॅक एकदम भरायचे असतील तर चार वेगळ्या वाटा हव्यात. त्या नसतील आणि इन्सर्टच्या जागा (चॅनेलचा आवाज मध्येच बाहेर काढून परत आत घेण्याची भोकं) असतील, तर पिन पहिल्या ‘टक्’पर्यंतच, अर्धी आत घालतात. आवाज तिथून डेककडे जातो आणि मिक्सरमध्येही चालू राहतो.

आरसीएच्या साध्या जोडणीचा एक तोटा शेतातल्या घरात हटकून जाणवतो. त्याच लाइनवर विहिरीची मोटर असली आणि अर्थिंग धड नसलं की टेपवर 50 हर्ट्झची गुणगुण उतरते, ती नंतर काढता येत नाही. वायर दोन-तीन मीटरच्या आत ठेवायची, मिक्सर आणि डेक एकाच बोर्डावर लावायचे, आणि गाणाऱ्या बायका बसण्याआधी रिकामी टेप दोन मिनिटं रेकॉर्डवर फिरवून हेडफोनवर ऐकायची.