लॅटव्हियात हात का कमी पडले

बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियात आज साडेअठरा लाखांच्या आसपास लोक राहतात. १९८९च्या जनगणनेत ते २६ लाख ६७ हजार होते. म्हणजे दर दहांतले तीन कमी झाले, आणि तेही लोकांचे उत्पन्न वाढत असताना. कारखानदार, बांधकाम कंत्राटदार, इस्पितळे, सगळ्यांची आता एकच तक्रार आहे: कामाला माणूस मिळत नाही. मग बाहेरून माणसे का आणत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधायला सोव्हिएत काळापर्यंत मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या देशाची लोकसंख्या १९ लाखांच्या घरात होती आणि त्यात तीन चतुर्थांश लॅटव्हियन होते. १९४०मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळला. मार्च १९४९मधल्या एकाच मोहिमेत सुमारे ४२ हजार लोकांना घराबाहेर काढून सायबेरियाकडे धाडले गेले. पुढे मॉस्कोने इथे मोठमोठे कारखाने उभारले आणि त्यांत काम करायला रशिया, बेलारूस, युक्रेनमधून माणसे आणली. येल्गावाच्या ‘राफ’ कारखान्यातल्या छोट्या बसगाड्या साऱ्या संघात रुग्णवाहिका म्हणून धावत, तर राजधानी रीगाचा ‘वेफ’ कारखाना रेडिओ आणि टेलिफोन पुरवी. कच्चा माल बाहेरचा, गिऱ्हाईक बाहेरचे, पुष्कळ कामगारही बाहेरचे. १९८९मध्ये लॅटव्हियन लोकांचे प्रमाण ५२ टक्क्यांवर आले होते. ‘कामगार आयात’ म्हटले की तिथल्या म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या यामुळे.

ऑगस्ट १९९१मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि ही सगळी घडी विस्कटली. पूर्वेची बाजारपेठ गेली, इंधन जगाच्या भावाने घ्यावे लागले. १९९२ या एका वर्षात उत्पादन साधारण एक तृतीयांशाने घटले आणि भाव दहापटीच्या आसपास चढले. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख आइनार्स रेप्शे यांनी आधी तात्पुरते रुब्लिस काढले (लोक त्या नोटांना थट्टेने ‘रेप्शिकी’ म्हणत), मग १९९३मध्ये लाट्स हे पक्के चलन आणले. १९९४पासून लाट्सचा विनिमय दर, म्हणजे परकी चलनांच्या तुलनेतली त्याची किंमत, बांधून टाकली गेली.

पुढच्या सगळ्या कथेची किल्ली या बांधलेल्या दरात आहे. महागाईने पोळलेल्या लोकांना त्यातून विश्वास मिळाला, परकी भांडवल आले. पण आयात-निर्यातीवर जगणाऱ्या छोट्या देशाचा माल बाहेर महाग पडू लागला, तर चलन स्वस्त करून निभावता येते. ती वाट बंद केली की दोनच उपाय उरतात: पगार कापा, नाहीतर माणसांनी दुसरीकडे जावे. लॅटव्हियात दोन्ही झाले.

१ मे २००४ रोजी देश युरोपीय संघात गेला. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने नव्या सदस्य देशांच्या कामगारांना त्याच दिवशी दार उघडले. जर्मनी-ऑस्ट्रियाने ते २०११पर्यंत लावून ठेवले. आयर्लंडमधल्या अळंबीच्या शेडांत आणि इंग्लंडच्या पूर्वेकडच्या भाजीच्या मळ्यांत लॅटव्हियन तरुण दिसू लागले. (पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला गेलेले आपले गोवेकरही संघाच्या नागरिकाला कुठल्याही सदस्य देशात काम करू देणाऱ्या याच नियमाने गेले.) देशात मात्र दिवाळी चालली होती. स्वीडिश बँका हात सैल सोडून कर्ज देत होत्या, रीगात घरांचे भाव भडकले होते, वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ होत होती.

२००८च्या जागतिक आर्थिक संकटात हा फुगा फुटला, आणि नोव्हेंबरमध्ये पारेक्स ही देशातली एक मोठी बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय संघ आणि इतरांनी मिळून साडेसात अब्ज युरोंची मदत देऊ केली. लाट्सचे अवमूल्यन करा, असे अनेक अर्थतज्ज्ञ सांगत होते. सरकारने ऐकले नाही. कारण सरळ होते: बहुतेकांची घरकर्जे युरोत होती, लाट्स स्वस्त झाला असता तर ती आणखी जड झाली असती, आणि डोळा युरो स्वीकारण्यावर होता. मार्च २००९मध्ये पंतप्रधान झालेल्या वाल्डिस डोम्ब्रोव्स्किस यांनी पगारांवर कुऱ्हाड चालवली. शिक्षकांचे पगार घटले, शाळा आणि इस्पितळे बंद झाली. जुलैपासून पेन्शन १० टक्के आणि कामावर असलेल्या पेन्शनरांचे तर ७० टक्के कापले. डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने ती कपात घटनाबाह्य ठरवली. ज्यांना बेकारभत्ताही उरला नव्हता त्यांच्यासाठी सप्टेंबरपासून एक योजना निघाली: रस्ते झाडायचे, कडेची झुडपे तोडायची आणि महिन्याला १०० लाट्स, म्हणजे जेमतेम १४२ युरो घ्यायचे. या लोकांना ‘सिम्टलाटनिएकी’, शंभर-लाट्सवाले, हे नाव पडले. त्याच सुमारास विमानाने दोन-तीन तासांवर याच्या कितीतरी पट मजुरी मिळत होती. कोण थांबणार?

२००९मध्ये अर्थव्यवस्था १४ टक्क्यांहून जास्त आकसली, २०१०च्या सुरुवातीला बेकारी २० टक्क्यांच्या आसपास गेली. मग आकडे सुधारत गेले. जून २०१२मध्ये नाणेनिधीच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्द यांनी रीगात येऊन पाठ थोपटली आणि १ जानेवारी २०१४ला युरो आला. माझ्या मते त्या कौतुकात एक खोट होती. बेकारी घटली ती काही अंशी बेकारच देश सोडून गेल्याने. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २० लाख ७० हजार भरली, आधीच्या सरकारी अंदाजाहून बरीच कमी. गेलेल्यांत विशीतिशीतले जास्त होते, त्यामुळे मुलांचे जन्मही त्यांच्याबरोबर परदेशी गेले.

आता पगार वाढतात तितक्या वेगाने उत्पादकता वाढत नाही, म्हणून निर्यातदार कुरकुरतात. शेजारच्या एस्टोनियाने माहिती तंत्रज्ञानावर भर दिला आणि गेल्या काही वर्षांत तिथे जाणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त राहिले. लॅटव्हियाची बरीच मदार लाकडावर आणि बंदरांतल्या मालवाहतुकीवर होती, आणि रशियाकडून येणारी मालवाहतूक युक्रेन युद्धानंतर आटली. २०२२पासून युक्रेनी निर्वासितांनी काही जागा भरल्या. उझबेकिस्तानचे ट्रकचालक आणि गवंडीही येतात, पण युरोपीय संघाबाहेरच्या कामगाराला साधारणपणे देशातल्या सरासरी पगाराइतका पगार द्यावा लागतो, ही अट छोट्या मालकांना जड जाते. ती सैल करायचा विषय निघाला की संसदेत १९८९चा ५२ टक्क्यांचा आकडा हमखास निघतो. दरम्यान रीगाच्या विद्यापीठांतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतले बरेच जण शिकता शिकता सायकलवरून घरोघर जेवण पोचवतात.