सरकणारा स्क्रू आणि प्लेट-नेलचा वाद

बोस्टनच्या एका सर्जनने खुब्यापाशी मोडलेलं हाड धरून ठेवणाऱ्या तीन पात्यांच्या खिळ्याचे अनुभव १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी स्वीडनमधून पोकळ खिळा आला. तो हाडात आधी घातलेल्या तारेवरून, सांधा न उघडता बसवता येई. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे सांध्यातल्या गोळ्याखालच्या अरुंद भागाला, एवढं पुरत होतं. मानेखालच्या उंचवट्यापाशी, म्हणजे ट्रोकँटरपाशी, मोडलेल्या हाडाला पुरेना, म्हणून खिळ्याला बाजूची प्लेट जोडली गेली आणि १९४० च्या दशकात दोन्ही एकसंध झाले.

तिथेच घोळ झाला. पायावर भार आला की मोडलेली जागा थोडी दबतेच, ठिसूळ हाडात तर जास्तच. एकसंध खिळ्याला मागे सरकायला वाव नव्हता. तो गोळा फोडून सांध्यात घुसे, नाहीतर मोडे. १९५० च्या दशकात प्लेटला नळी आली आणि खिळा, पुढे स्क्रू, तिच्यात मागे सरकू लागला. पाय किंचित आखूड होतो, पण तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन हाड जुळतं. ऑपरेशन थिएटरमध्ये ज्याला डीएचएस (डायनॅमिक हिप स्क्रू) म्हणतात ते हेच; नळी आणि प्लेटमधला कोन बहुधा १३५ अंशांचा.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हाडाच्या पोकळीत बसणारा नेल, म्हणजे सळई, आला. सुरुवातीच्या नेलच्या टोकापाशी मांडीचं हाड मोडत असे. रचना बदलल्यावर ते कमी झालं. साध्या, स्थिर फ्रॅक्चरमध्ये मात्र नेल सरस असल्याचं चाचण्यांत दिसलं नाही, आणि तो महागही. तरी अमेरिकेत नव्या सर्जनांमध्ये नेलचं प्रमाण १९९९ मधल्या ३ टक्क्यांवरून २००६ पर्यंत ६७ टक्क्यांवर गेलं. एवढी उडी पुराव्याच्या जोरावर झाली म्हणणं कठीण आहे. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेसर ट्रोकँटरपर्यंतच्या (आतल्या बाजूच्या लहान उंचवट्यापर्यंतच्या) ट्रोकँटरिक फ्रॅक्चरसाठी डीएचएससारख्या प्लेटलाच पसंती दिली.

या वादात १९९५ चा एक निष्कर्ष झाकोळला जातो. स्क्रूचं टोक गोळ्याच्या माथ्यापासून किती दूर आहे, हे समोरून आणि बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर मोजायचं, एक्स-रेत हाड जेवढ्या पटीने मोठं दिसतं त्यानुसार माप दुरुस्त करायचं आणि बेरीज २५ मिमीच्या आत ठेवायची. मग स्क्रू गोळा फोडून बाहेर येण्याचा धोका फार कमी राहतो. प्लेट घ्या वा नेल, हे माप चुकलं तर दोन्ही फसतात.

उलट्या तिरप्या फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे मोडल्याची रेष आतून बाहेरच्या बाजूला खाली उतरते तिथे, मात्र डीएचएस नको. तिथे स्क्रूचं सरकणंच घात करतं: मांडीचं हाड आतल्या बाजूला घसरत जातं. नळीसाठी ड्रिल करताना हाडाची बाहेरच्या बाजूची पातळ भिंत फुटली, तर साध्या फ्रॅक्चरचीही तीच गत होते. २००४ नंतर निवड करताना या भिंतीची जाडी पाहिली जाऊ लागली.