काळी स्क्रीन आणि रॅमचं ट्रेनिंग

नवा कॉम्प्युटर जोडला, बटण दाबलं, पंखे फिरू लागले, पण स्क्रीन काळीच. अर्ध्या मिनिटात घरातलं कोणीतरी निकाल देतं, 'पीस खराब लागला.' मग रॅम काढून खोडरबराने घासणं, कुरियरवाल्याचा उद्धार, आणि आमच्या सिंधुदुर्गात तर देवाला गाऱ्हाणं घालण्यापर्यंत मजल जाते. गाऱ्हाण्याचा फायदा एवढाच, की शेवटचं 'व्हय म्हाराजा' होईपर्यंत कोणी प्लग उपटत नाही. तेवढ्यात स्क्रीन उजळते आणि श्रेय भलत्यालाच जातं.

त्या काळ्या स्क्रीनमागे चाललेलं असतं ते 'मेमरी ट्रेनिंग', म्हणजे प्रोसेसरने रॅमशी वेळ जुळवून घेणं. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीचा एएम5 सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) सप्टेंबर 2022 मध्ये आला, तो फक्त डीडीआर5 पिढीची रॅम घेणारा. तेव्हापासून ही तक्रार फार ऐकू येते.

थोडं गणित करू. 6000 लिहिलेल्या रॅममध्ये डेटाच्या एकेका तारेवरून सेकंदाला 600 कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला आले 167 पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). तेवढ्यात प्रकाश निर्वातात 5 सेंटीमीटर जातो. मदरबोर्डच्या तांब्यातून सिग्नल साधारण निम्म्या वेगाने, म्हणजे अडीच सेंटीमीटर. प्रोसेसरपासून रॅम याहून लांब असते. म्हणजे एक बिट मुक्कामाला पोचायच्या आत मागचा वाटेला लागलेला! अशा 64 तारा. एखादी मिलिमीटरभर लांब निघाली तरी तिचा बिट सहा-सात पिकोसेकंद उशिरा येणार. बोर्ड आखणारे तारांना वेटोळी देऊन लांबी सारखी करतात, पण सॉकेट, चिप, तापमान यांतला फरक उरतोच. शिवाय क्लॉकचा, म्हणजे सगळ्यांना ताल देणारा सिग्नल रॅमच्या पट्टीवर एका चिपकडून दुसरीकडे असा फिरत जातो. शेवटच्या चिपला तो उशिराच मिळतो.

म्हणून बायोसमधलं फर्मवेअर (बोर्डाच्या चिपवर साठवलेला, मशीन चालू करणारा प्रोग्राम) आधी ठरलेले आकडे रॅममध्ये लिहितं, परत वाचतं, वेळ किंचित सरकवतं, पुन्हा वाचतं. कुठून बरोबर यायला लागलं आणि कुठे चुकायला लागलं, या दोन कडा सापडल्या की मधला बिंदू धरायचा. मग तेच व्होल्टेजचं: किती व्होल्टच्या वर 'एक' मानायचा आणि खाली 'शून्य'? वाचायचं वेगळं, लिहायचं वेगळं, आणि दर तारेचं वेगळं. रॅम जास्त असेल तर यात काही मिनिटं सहज जातात. भजनाआधी पखवाज लावतात तसंच हे. आणि पावसाळी हवेत पुडी उतरली की कालचा सूर आज चालत नाही, तसं इथेही तापमान बदललं की जुनी मापं थोडी ढळतात. 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर' हा बायोसमधला पर्याय जुनी मापं जपून ठेवतो. त्याने मशीन लवकर चालू होतं, पण मधूनच हँग व्हायला लागलं तर आधी तोच बंद करून बघावा.

फर्मवेअर अपडेट केलं की ही मापं बहुधा पुसली जातात. त्यामुळे अपडेटनंतर स्क्रीन पुन्हा काळी, आणि नेमक्या त्याच वेळी लोक घाबरून प्लग काढतात.

अपडेट कशाला, असंही विचारतात. 2023 मध्ये 24 आणि 48 जीबीच्या पट्ट्या बाजारात आल्या. जुन्या फर्मवेअरला त्या ओळखताच येत नव्हत्या. त्याच वर्षी एएमडीचे काही रायझन प्रोसेसर जळाले आणि एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) 1.3 व्होल्टची मर्यादा घातली गेली, तीही फर्मवेअरमधूनच. रायझन 9000 जुन्या एएम5 बोर्डावर बसतो, पण अपडेटशिवाय चालू होत नाही.

खोक्यावर '8000' छापलेली रॅम बघून मात्र हुरळू नका. तो ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे अधिकृत वेगापलीकडे ताणण्याचा आकडा. रायझन 7000 साठी रॅमचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना 5200, आणि चार पट्ट्या लावल्या की थेट 3600! 32 जीबी हवी तर 16 च्या दोन घ्या, 8 च्या चार नकोत.

आणि जून-जुलैत वारा सुटलेला असताना अपडेटला हात लावू नका. फ्लॅश चिपवर लिहिणं चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड खरोखरच मरू शकतो. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघा. दुसऱ्या मोडवर तो बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. बोर्डाला 'फ्लॅशबॅक'चं बटण असेल तर अर्धवट राहिलेलं फर्मवेअरही पेनड्राइव्हवरून पुन्हा भरता येतं, अगदी प्रोसेसर न बसवता. बोर्ड घेताना दुकानदाराला आधी हेच विचारा.